शिदोरीचा वास आणि शेजारधर्म

रोहें स्टेशनावरून दिव्याकडे जाणारी गाडी सुटली आणि तिनें नागोठण्याची वाट धरली, म्हणजे डब्याडब्यांतून शिदोऱ्या सुटूं लागतात. धाटावच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून निघालेल्या कामगाराच्या फडक्यांत तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी असते. मुंबईस लेकीकडे निघालेल्या एखाद्या आजीच्या पिशवींत सुकट नाहीं तर सुके बोंबील असतात. कोणाच्या डब्यांत अंड्याची पोळी, तर कोणाच्या डब्यांत आंबोळी. झांकण निघतें, वास दरवळतो, समोरच्या बाकावरचा एखादा गृहस्थ खिडकीकडे तोंड वळवतो, एखादी बाई पदर नाकाला लावते. कोणी कोणास कांहीं बोलत नाहीं. खाणारा चार घास घाईनें गिळतो आणि गाडी पुढें जाते. घटना एवढीशीच, पण तिच्यामागें दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे. त्या इतिहासांत चव आणि वास, जात आणि कायदा, दारिद्र्य आणि सभ्यता यांचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत.

धाटाव हें कुंडलिका नदीच्या खोऱ्यांतलें, रोह्याच्या शेजारचें गांव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें आणि पुढें त्या महामंडळानें येथें औद्योगिक वसाहत उभारली. तींत रासायनिक कारखान्यांचा भरणा अधिक. तेव्हांपासून भिजलेल्या भातखाचरांच्या वासाबरोबर रसायनांचा उग्र दर्पही या परिसराच्या परिचयाचा झाला. ज्याचें घर त्या हवेंत आहे, त्यास तो दर्प कांहीं काळानें जाणवेनासा होतो. कारण नाकाचा धर्मच असा कीं, एकच वास सतत येत राहिला म्हणजे तें त्याची दखल घेणें सोडून देतें. मौज अशी कीं, कारखान्याचा वास हवेचा म्हणून सोसला जातो. शेजाऱ्याच्या डब्याचा वास मात्र माणसाचा म्हणून खटकतो. वासाविषयींच्या शिष्टाचाराची सारी गुंतागुंत या एका भेदांत सांठलेली आहे.

सार्वजनिक वाहन येण्यापूर्वीं हा प्रश्न असा उभा राहात नसे. याच जिल्ह्यांतील, पेण तालुक्यांतल्या वरसई गांवचे विष्णुभट गोडसे हे १८५७ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानांत गेले, आणि त्या प्रवासाचें त्यांनीं लिहिलेलें वर्णन चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं 'माझा प्रवास' या नांवानें प्रसिद्ध केलें. त्या काळचा प्रवास म्हणजे मुख्यत: पायांचा प्रवास. पांथस्थानें नदीचा कांठ पाहावा, झाडाची सावली पाहावी, स्नानसंध्या उरकून शिदोरी सोडावी, हाच परिपाठ. ज्याचें अन्न ज्यास चालत नसे, तो चार पावलें दूर बसे. अंतर हाच त्या युगाचा शिष्टाचार होता. त्यांत सोय होती, तसा अन्यायही होता. कारण चार पावलें दूर कोणीं बसावें हें प्रत्येक वेळीं एकच बाजू ठरवी.

त्या काळच्या शिदोरीचा विचार केला म्हणजे एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. बर्फ नाहीं, थंड पेटी नाहीं, वाटेंत उपाहारगृह नाहीं. अशा प्रवासांत टिकेल तेंच अन्न बरोबर घ्यावयाचें. दुधांत भिजवलेल्या दशम्या, पोहे, मेतकूट, लोणचें, लसणाची चटणी, आणि किनाऱ्यावरच्या माणसांसाठीं खारवलेली व वाळवलेली मासळी. हे पदार्थ टिकतात, कारण त्यांत मीठ, तेल, तिखट वा आंबट भरपूर असतें किंवा पाण्याचा अंश अगदीं थोडा असतो. पण ज्या क्रियांनीं अन्न टिकतें, त्याच क्रियांनीं बहुधा त्याचा वासही वाढतो. मुरणें, आंबणें, खारणें आणि वाळणें हे टिकाऊपणाचे मार्ग आहेत, तसेच ते गंधाचेही मार्ग आहेत. यावरून एक कठोर निष्कर्ष निघतो: ज्याचा प्रवास लांबचा आणि ज्याची पुंजी लहान, त्याच्याच शिदोरीस वास अधिक. ज्याच्या पदरीं पैसा आहे तो वाटेंत ताजें जेवण विकत घेऊं शकतो. ज्याच्यापाशीं तो नाहीं, त्यास घरचें टिकाऊ अन्नच बांधून न्यावें लागतें. म्हणून प्रवासांतल्या वासाविरुद्ध केलेली तक्रार पुष्कळदां, तक्रार करणाऱ्याच्या ध्यानीमनीं नसतांही, गरिबीविरुद्धची तक्रार होऊन बसते.

कुलाबा जिल्ह्यास — १९८१ पासून त्यास रायगड म्हणतात — प्रथम जलमार्गानेंच मुंबईशीं जोडलें. धरमतरच्या खाडीचें बंदर, रेवस, रेवदंडा ही त्या वाहतुकीचीं ठाणीं. गलबतें आणि मचवे यांच्या मागोमाग आगबोटी आल्या. बोटीच्या डेकवर भाताचीं पोतीं, कोंबड्यांचीं खुराडीं, फणस, मासळीच्या पाट्या आणि माणसें एकाच ठिकाणीं दाटीनें बसत. पण माथ्यावर आभाळ उघडें आणि अंगावर खारा वारा. त्यामुळें कोणाच्या गांठोड्यांत काय आहे याची चर्चा फार वेळ टिकत नसे. या जलमार्गाची दुसरी, भयंकर बाजूही विसरतां येत नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळांत सांपडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. जिल्ह्यांतील कित्येक घरांत आजही तो दिवस आठवला जातो. त्या काळचा स्वस्त प्रवास म्हणजे केवळ गैरसोयींचा नव्हे, तर जिवावरच्या जोखमीचाही प्रवास होता, हें त्यावरून कळतें.

खरा पालट झाला तो आगगाडीनें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली उतारूगाडी धांवली. त्या दिवसापासून परस्परांस अनोळखी असलेलीं माणसें, चारी बाजूंनीं बंद अशा लांकडी खोलींत, तासन् तास गुडघ्याला गुडघा लावून बसूं लागलीं. झाडाखालचें चार पावलांचें अंतर संपलें. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्यानेंही तिकिटाचे पैसे मोजले होते, आणि ज्यास तो विटाळ वाटे त्यानेंही तितकेच मोजले होते. रेल्वेनें उतारूंचे वर्ग केले ते पैशावरून. जातीवरून बाक वांटून देण्याचें काम तिनें पत्करलें नाहीं. पण स्टेशनांवरच्या पाण्याची गोष्ट वेगळी होती. पुष्कळ स्टेशनांवर हिंदु पाणी निराळें आणि मुसलमानी पाणी निराळें अशी व्यवस्था पुढें कित्येक वर्षें चालू राहिली. म्हणजे बाकावर समता, आणि घोटावर भेद! अन्नाचा वास हा या दोहोंच्या मधोमध पडला. स्पर्श टाळतां येतो, पाणी टाळतां येतें. वास मात्र कोणाची परवानगी विचारीत नाहीं.

वास आणि आगगाडी यांच्या या पहिल्या भेटीची एक दंतकथा अजून सांगितली जाते. बोंबील या मासळीस इंग्रजींत 'बॉम्बे डक' असें चमत्कारिक नांव आहे. बदकाशीं तिचा कांहींएक संबंध नसतां हें नांव तिला कसें पडलें? कथा अशी कीं, मुंबईहून आंत देशाकडे सुके बोंबील टपालगाडीनें जाऊं लागले, त्यांचा वास सगळ्या गाडीस लागला, आणि लोक त्या मासळीसच 'बॉम्बे डाक' म्हणूं लागले. पुढें साहेबाच्या जिभेवर 'डाक'चें 'डक' झालें. कथा मोठी गोड आहे, पण इतिहासापुढें ती टिकत नाहीं. हें नांव आगगाडी येण्यापूर्वींच्या इंग्रजी लिखाणांत आढळतें; तेव्हां जी गाडी अजून सुरूच झालेली नव्हती, तिनें नांव देण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. तरीही दंतकथा खोटी ठरली म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीं. लोकांना ती पटली, कारण गाडीच्या बंद डब्यांत बोंबलाचा वास पुष्कळांनीं प्रत्यक्ष घेतला होता. लोककथा घटनेची साक्ष देत नसली तरी अनुभवाची साक्ष देते.

या अनुभवाविषयीं कायदा काय म्हणत होता, हें पाहण्यासारखें आहे. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ११० व्या कलमान्वयें, धूम्रपानासाठीं खास राखून ठेवलेला डबा सोडून इतरत्र, सहप्रवाशांच्या संमतीशिवाय विडी-चिरूट ओढणारास वीस रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. १२० व्या कलमांत नशा, उपद्रव, अश्लील भाषा आणि सहप्रवाशाच्या सुखांत बुद्ध्या व अकारण व्यत्यय आणणें यांकरितां पन्नास रुपयांपर्यंत दंड होता. धोक्याच्या किंवा किळसवाण्या मालाविषयींही त्या कायद्यांत स्वतंत्र तरतूद होती. पण घरच्या भाकरीबरोबर कोणतें तोंडीलावणें खावें, याविषयीं कायदा मूक होता. त्याची जागा १९८९ च्या कायद्यानें घेतली. त्यांत धूम्रपानाविषयींचें कलम किंचित् बदललें: पूर्वीं ओढणारानें आधीं संमति मिळवावयाची होती, आतां दुसऱ्या प्रवाशानें हरकत घेतल्यास ओढावयाचें नव्हतें. संमति मागणें आणि हरकतीची वाट पाहणें, यांत दिसावयास अंतर थोडें, पण नीतीच्या दृष्टीनें तें मोठें आहे. पहिल्यांत बोलण्याचा भार सुख भोगणारावर आहे. दुसऱ्यांत तो त्रास सोसणारावर आहे. वासाच्या अन्नाचा शिष्टाचार ठरवितांनाही प्रश्न हाच आहे: आधीं बोलावें कोणीं?

तिसऱ्या वर्गाच्या डब्याचें सर्वांत प्रसिद्ध चित्र महात्मा गांधींनीं रेखाटलें आहे. १९०२ सालीं कलकत्त्याहून राजकोटास जातांना त्यांनीं तिसऱ्या वर्गानें जावयाचें ठरविलें, तेव्हां नामदार गोखले यांनीं त्यांना एक धातूचा डबा दिला आणि तो पुऱ्या व लाडवांनीं भरवूनही दिला, असें त्यांनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. कोंकणांत जन्मलेल्या गोखल्यांनीं गांधींच्या त्या प्रवासास दिलेली ही शिदोरी! मराठी घरांतली जुनी रीतच तींत दिसते: निघणाराच्या हातीं खाण्याचें कांहींतरी दिल्यावांचून त्यास निरोप द्यावयाचा नाहीं. पुढें आपल्या लिखाणांत गांधींनीं रेल्वेच्या बेपर्वाईवर कडक टीका केली, पण उतारूंसही सोडलें नाहीं. डब्यांत कचरा फेंकणें, वाटेल तेथें धूम्रपान करणें, पान-तंबाखू खाऊन सगळा डबा पिकदाणी बनविणें, या संवयींचा त्यांनीं मनापासून धिक्कार केला. त्यांचा रोख अन्नाच्या वासावर नव्हता; खाल्ल्यानंतर मागें राहणाऱ्या घाणीवर होता. हा भेद फार महत्त्वाचा आहे. वास उडून जातो. साल, कांटा, खरकटें आणि पिंक मात्र पुढच्या प्रवाशासाठीं मागें राहतात.

येथें या इतिहासाच्या अवघड भागाशीं गांठ पडते. वासाची तक्रार नेहमींच निव्वळ वासाची असते काय? याच जिल्ह्यांतील महाड येथें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं अस्पृश्य मानलेल्या समाजानें चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. त्यानंतर अफवा उठवून परिषदेच्या लोकांवर हल्ला करण्यांत आला. मंडपांत जेवावयास बसलेल्या माणसांस मारहाण झाली आणि त्यांचें अन्न मातींत मिसळण्यांत आलें. ज्या समाजांत दुसऱ्याच्या हातचें पाणी आणि पानांतलें अन्न हें वैराचें कारण होऊं शकत होतें, त्या समाजांत 'मला हा वास सहन होत नाहीं' हें वाक्य सदैव निरागस असूं शकत नाहीं. हिंगाचा वास उग्र असतो, मुरलेल्या लोणच्याचा असतो, कच्च्या कांद्याचा असतो. पण त्यांस कोणी 'घाण' म्हणत नाहीं. तोच उग्रपणा सुक्या मासळींत आला कीं शब्द बदलतो. शब्द बदलला म्हणजे तक्रार नाकाची राहिलेली नसते, ती मनाची झालेली असते.

याचें अगदीं अलीकडचें उदाहरण महाराष्ट्राबाहेरचें आहे. डिसेंबर १९२१ नव्हे, डिसेंबर २०२१ मध्यें — शंभर वर्षांचा फरक मुद्दाम ध्यानांत घ्यावयाचा — तामिळनाडूंतील कन्याकुमारी जिल्ह्यांत कुळच्चल येथें मासळी विकून घरीं निघालेल्या एका वृद्ध बाईस, अंगास मासळीचा वास येतो म्हणून सरकारी बसमधून उतरविण्यांत आलें. तिच्या संतापाचें व दु:खाचें चित्रण सर्वत्र पसरलें, मुख्यमंत्री स्टालिन यांनीं या प्रकाराचा निषेध केला आणि संबंधित नोकरांवर निलंबनाची कारवाई झाली. त्या बाईच्या हातांत अन्न उघडलेलेंही नव्हतें. दिवसभर जो धंदा केला त्याचाच वास तिच्या अंगास होता. रोह्याच्या बाजारांत मासळी विकणारी कोळीण किंवा आगरीण, धाटावच्या कारखान्यांतून अंगाला रसायनाचा दर्प घेऊन निघालेला मजूर आणि ती वृद्धा यांच्यांत तत्त्वत: कांहींच अंतर नाहीं. कष्टाचा वास हा शिष्टाचाराचा भंग मानला, तर अर्धा देश वाहनांतून खालीं उतरवावा लागेल.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांनीं या प्रश्नावर आपल्यापुरता एक तोडगा काढला आहे. पाट्या-टोपल्या घेऊन निघालेल्या विक्रेत्यांसाठीं त्या गाड्यांत मालडबा असतो. कोळणी, भाजीवाले आणि दुपारचे जेवणाचे डबे पोंचविणारे डबेवाले त्यांतून जातात. डबेवाल्यांची परंपरा १८९० पासून, महादू हावजी बच्चे यांच्यापासून सांगितली जाते. या व्यवस्थेंत कोणास नकार नाहीं आणि कोणाची अडचणही नाहीं. मालास जागा दिली आहे, माणसास हांकलून दिलेलें नाहीं. एसटीच्या गाडीनेंही आपल्या परीनें हीच वाट धरली होती. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यावर धांवली आणि पुढें कोंकणच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर लाल गाडी हेंच गोरगरिबांचें वाहन झालें. जुन्या गाड्यांच्या टपावर सामान चढे. फणस, कोंबड्या आणि मासळीच्या पाट्या तेथें जात, आणि मालक खालीं बाकावर बसे. कंडक्टरच्या एका 'वर टाका' या हुकुमानें पुष्कळ भांडणें मुळांतच मिटत.

रोह्यापर्यंत रेल्वे आली ती १९८६ सालीं. त्यापुढें कोंकण रेल्वेचें काम सुरू झालें. रोहें ते वीर हा तुकडा १९९३ सालीं चालू झाला, आणि १९९८ सालीं सबंध मार्ग राष्ट्रास अर्पण झाला. दोन पिढ्या ज्यांनीं बोट आणि एसटी यांतून प्रवास केला, ते आतां गाडीच्या बाकावर बसले. त्यांची शिदोरी मात्र तीच राहिली. पावसाळ्यापूर्वीं सुक्या मासळीची बेगमी करावयाची, कारण जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो. आणि त्या बेगमींतला वांटा मुंबईच्या मुलालेकरांस पोंचवावयाचा. अशी पिशवी घेऊन निघालेल्या बाईच्या दृष्टीनें ती वासाची वस्तु नसते. ती घराची वस्तु असते. पिशवी उघडली म्हणजे समोरच्यास वास येतो, आणि तिच्या मुलास आईचें अंगण आठवतें. एकाच गंधाचे हे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

पण गाडीही बदलली. उघड्या खिडक्यांच्या साध्या डब्यांत वारा हाच मोठा पंच होता. तो दोघांचेंही समाधान करी. मे २०१७ मध्यें मुंबई-गोवें मार्गावर 'तेजस' आणि जून २०२३ मध्यें 'वंदे भारत' या वातानुकूलित गाड्या सुरू झाल्या; मुंबईच्या उपनगरी मार्गावर डिसेंबर २०१७ मध्यें वातानुकूलित लोकल आली. अशा डब्याच्या खिडक्या उघडत नाहींत, आणि आंतली पुष्कळशी हवा फिरून फिरून आंतच येते. रसायनशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर, समुद्रांतील माशांच्या अंगांत एक निर्गंध द्रव्य असतें. मासा मेल्यानंतर जंतूंच्या क्रियेनें त्यापासून ट्रायमेथिलअमाईन नांवाचें उडून जाणारें द्रव्य तयार होतें, आणि मासळीचा ओळखीचा वास मुख्यत्वें त्याचाच. हें द्रव्य क्षारधर्मी आहे. आंबटाशीं संयोग झाला कीं तें बांधलें जातें आणि हवेंत उडत नाहीं. कोंकणांतल्या बायका मासळीस कोकम, चिंच किंवा लिंबू कां लावतात याचें हें शास्त्र. त्यांनीं तें पुस्तकांतून घेतलें नाहीं, हातांतून घेतलें. तेव्हां प्रवासासाठीं बांधलेल्या कालवणांत एक आमसूल अधिक टाकणें ही चवीची गोष्ट तर आहेच, पण शेजाऱ्याविषयींच्या आदराचीही आहे.

इतर देशांनीं या प्रश्नास निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. सिंगापुरांत १९८७ सालीं सुरू झालेल्या नगर-रेल्वेंत खाण्यापिण्यास सक्त मनाई आहे, आणि तेथील लोकांस अतिप्रिय असलेलें, पण दर्पानें भल्याभल्यांस पळविणारें डुरियन हें फळ गाडींत आणूंच नये, असे फलक लावलेले असतात. जपानांत याच्या अगदीं उलट: तेथें स्टेशनावर मिळणारा जेवणाचा डबा हाच प्रवासाचा आनंद मानतात, आणि ती प्रथा १८८५ सालापासून चालत आल्याचें सांगतात. पण तोच जपानी माणूस गर्दीच्या नगर-रेल्वेंत सहसा डबा उघडीत नाहीं. लांबच्या गाडीचा नियम वेगळा आणि जवळच्या गाडीचा वेगळा, हा विवेक तो स्वत:च पाळतो. अमेरिकेंत वॉशिंग्टन शहरीं २००० सालीं भुयारी रेल्वेच्या स्थानकांत बटाट्याची एक तळलेली काडी खाल्ली म्हणून बारा वर्षांच्या मुलीस बेड्या घालून नेण्यांत आलें. प्रकरण न्यायालयांत गेलें. २००४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ती अटक बेकायदा नव्हती असाच निर्णय दिला. कायदा जिंकला, पण लोकांच्या मनांत हंसें राहिलें. जेथें शेजारधर्माचें काम शिपायाकडे सोंपविलें जातें, तेथें असेंच व्हावयाचें.

महाराष्ट्रांत जून २०१४ मध्यें सुरू झालेल्या मुंबईच्या मेट्रोंतही खाण्यास बंदी आहे, आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासांत ती कोणास जाचक वाटूं नये. पण दिव्याहून रोह्यास किंवा रोह्याहून सावंतवाडीस जाणाऱ्या गाडींत असा नियम करतां येणार नाहीं; माणसास भूक लागते, लेंकरास अधिक लागते. तेथें शिष्टाचारावांचून गत्यंतर नाहीं, आणि तो शिष्टाचार मराठी माणसाच्या घरांत जुनाच आहे. शिदोरी सोडण्यापूर्वीं समोरच्यास 'या जेवायला' म्हणावयाचें, ही ती रीत. म्हणणारास ठाऊक असे कीं समोरचा बहुधा 'चालूं द्या' म्हणेल. ऐकणारासही ठाऊक असे कीं पोटभर अन्न दोघांस पुरणार नाहीं. जातीपातीच्या काळांत तर पुष्कळदां हें आमंत्रण स्वीकारलेंच जाणार नाहीं, याची दोघांसही खात्री असे, आणि त्या खात्रींत एक लाजिरवाणें सत्य दडलेलें होतें. तरीही त्या दोन शब्दांत फार मोठी गोष्ट साधत असे. खाणारा समोरच्याची दखल घेई, आणि 'चालूं द्या' म्हणणारा त्यास नकळत संमति देई. १८९० च्या कायद्यानें विडीसाठीं जी संमति मागितली, तीच ही. पण येथें ती दंडाच्या धाकानें नव्हे, तर आतिथ्याच्या रूपानें मागितली जात असे.

ही रीत आतां मागें पडत चालली आहे. गुंगीचें औषध घालून लुबाडणाऱ्यांमुळें, अनोळखी माणसाकडून खाण्याचा पदार्थ घेऊं नये अशी सूचना रेल्वेच करते, आणि ती योग्यच आहे. आमंत्रण गेलें, पण त्याच्याबरोबर संमतीचा तो एक क्षणही गेला. आतां डबा मुकाट्यानें उघडतो, पदर मुकाट्यानें नाकाला लागतो, आणि दोघांच्याही मनांत एकमेकांविषयीं एक कडू गोळी राहते. घांस देतां येत नसला तरी 'जेवूं का थोडें? वासाचें आहे,' एवढें विचारावयास कोणत्याही सूचनेची आडकाठी नाहीं. विचारणारानें झांकण लवकर लावावें, कांटे व खरकटें कागदांत बांधून बरोबर न्यावें, हात धुवावेत, आणि बंद खिडक्यांच्या गाडींत सुक्या मासळीची पिशवी घट्ट बांधलेलीच ठेवावी. ज्यास विचारलें त्यानें, आजारपण किंवा गर्भारपण यांसारखें खरें कारण असल्यास मोकळेपणानें सांगावें. नसल्यास 'चालूं द्या' म्हणावें, आणि नाक मुरडूं नये. वासाची हरकत घेतां येते. माणसाची हरकत घेतां येत नाहीं, हें त्यानें पक्कें ध्यानांत ठेवावें.

गाडी पेण सोडते, मिठागरें आणि खाडी मागें पडतात, डबे पुन्हां फडक्यांत बांधले जातात. थोड्या वेळानें कोणाच्या शिदोरींत काय होतें हें कोणाच्या नाकास आठवत नाहीं. कारण वास हा पाहुणा आहे, तो मुक्काम करीत नाहीं. पण शेजाऱ्यानें तोंड फिरविलें, कीं 'चालूं द्या' म्हटलें, हें मात्र खाणारास घरीं पोंचेपर्यंत, आणि कधीं कधीं जन्मभर, आठवत राहतें.